पायगाडीचें तिकीट

मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. पुढें बत्तीस वर्षांनीं, म्हणजे १८८५ सालीं, इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची, साखळीनें चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. आणि १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. आजची सायकल घडली ती या दोन कल्पनांच्या संयोगांतून. जुनीं माणसें तिला पायगाडी म्हणत, आणि तें नांव मोठें समर्पक होतें. एक आगगाडी, दुसरी पायगाडी. एकीला रुळांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं, दुसरीला शेताचा बांधहि पुरतो. आगगाडी माणसाला शेंकडों कोस दूर नेऊन सोडते, पण स्टेशनापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा तिच्यानें कधींच पुरा होत नाहीं. तेथून पुढचें काम पायगाडीचें. तेव्हां या दोघींनीं एकमेकींचा हात धरून चालावें, यासारखें स्वाभाविक दुसरें काय असणार? परंतु दोघी फलाटावर समोरासमोर आल्या कीं त्यांचें जमत नाहीं, असा सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. हें न जमण्याचें कारण काय, आणि त्यांत नुकसान कोणाचें होतें, हा या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. तो नागपूरचा, पुण्याच्या एका महाविद्यालयांत त्याला प्रवेश मिळाला आहे. वसतिगृहांत जागा नाहीं म्हणून पांच किलोमीटरांवर खोली घेतली आहे. वडिलांनीं घेऊन दिलेली सायकल हीच त्याची स्वतःची म्हणावी अशी एकुलती एक चीज. ती जवळ असली तर रोजचें बसभाडें वांचतें, संध्याकाळीं एखादी शिकवणी धरतां येते, रात्रीं उशिरां अभ्यासिकेंतून परततां येतें. नसली, तर या तिन्ही गोष्टींवर पाणी सोडावें लागतें. त्यानें स्लीपरच्या डब्याचें तिकीट काढलें. आज भारतांत असें तिकीट साठ दिवस आधीं काढून ठेवतां येतें. डब्याचा क्रमांक, बर्थचा क्रमांक, गाडी सुटण्याची आणि पोंचण्याची वेळ, सर्व कांहीं त्यावर छापलेलें असतें. तिकीट घडी घालून ठेवतांना आईनें विचारलें, “आणि सायकलीचें तिकीट कुठें आहे?” या साध्या प्रश्नाला घरांत कोणापाशींच उत्तर नव्हतें.

रेल्वेच्या नियमांत मात्र उत्तर आहे, आणि तें वाटतें तितकें निष्ठुर नाहीं. सायकल दोन वाटांनीं जाऊं शकते. एक वाट सामानाची, दुसरी पार्सलाची. प्रवाशानें स्वतःचें तिकीट दाखवून सायकल नोंदविली, तर ती त्याचें सामान ठरते आणि शक्य तों त्याच गाडीच्या मालडब्यांतून जाते. तिकिटावांचून नोंदविली, तर ती पार्सल होते. मग मालक एका दिवशीं आणि सायकल दुसऱ्या दिवशीं, असा दोघांचा स्वतंत्र प्रवास सुरू होतो. प्रवाशाला कांहीं वजन फुकट नेण्याची मुभा आहे. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो. ही मुभा सायकलीला मात्र लागू नाहीं. मुलाची पुस्तकांनीं भरलेली ४० किलोंची ट्रंक बिनदिक्कत डब्यांत चढते. १८ किलोंची सायकल पहिल्या किलोपासून भाडें भरते.

ही तक्रार आजची नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेला सायकलीचें वेड लागलें, तेव्हां तेथील सायकलस्वारांनीं नेमका हाच प्रश्न विचारला होता. बाईसाहेबांची अवजड पेटी फुकट जाते आणि तिच्या पावपट वजनाच्या सायकलीला पैसे पडतात, हा कोठला न्याय? १८८० सालीं स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संस्थेनें हें गाऱ्हाणें विधिमंडळापर्यंत नेलें, आणि १८९६ सालीं न्यूयॉर्क राज्यानें कायदा करून रेल्वे कंपन्यांना प्रवाशाची सायकल सामान म्हणून फुकट नेण्यास भाग पाडलें. सायकलीच्या जागेसाठीं कायदेमंडळाचें दार ठोठवावें लागावें, यावरूनच हा तंटा किती जुना आणि किती चिवट आहे, हें ध्यानांत येईल.

तथापि कंपन्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. सायकल वजनानें हलकी असली तरी जागेनें जड असते. पेटीवर पेटी रचतां येते. सायकलीवर कांहीं रचतां येत नाहीं, आणि तिलाहि कशावर रचतां येत नाहीं. तिचें हँडल शेजारच्या गोणींत शिरतें, तिच्या आऱ्यांत दुसऱ्याच्या सायकलीचें पॅडल अडकतें. तराजूंत ती १८ किलो भरते, पण डब्यांत जवळजवळ पावणेदोन मीटर लांबीची आणि अर्ध्या मीटरहून अधिक रुंदीची जागा अडविते. काटा वजन सांगतो आणि अडचण असते ती आकाराची. रेल्वे आणि सायकल यांच्या कलहाचें मूळ या एका विसंगतींत आहे. आजवर निरनिराळ्या देशांनीं जे उपाय केले, ते सर्व या आकाराशीं केलेल्या तडजोडीच आहेत.

आतां विद्यार्थ्याबरोबर स्टेशनावर जाऊं. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीं सामान हजर करावें, असा नियम आहे. अनुभवी माणसें दोन तास आधीं जातात. पार्सल ऑफिसच्या बाहेर बांधणी करणारे बसलेले असतात. ते हँडल सैल करून चौकटीला समांतर वळवितात, पॅडल आंत घेतात, नळ्यांवर पुठ्ठा गुंडाळतात आणि वर गोणपाट टाकून सुतळीनें आंवळतात. मागील प्रवासाची एखादी चिठ्ठी चिकटलेली राहिली असेल तर ती आधीं खरडून काढावी लागते, नाहीं तर सायकल भलत्याच गांवाला जाण्याचा संभव. मग नांव, पत्ता, कोठून आणि कोठें, हें ठळक अक्षरांत लिहिलेली नवी चिठ्ठी दोन ठिकाणीं बांधावयाची. त्यानंतर वजन, त्यानंतर पैसे, त्यानंतर पावती. ही पावती जिवापलीकडे जपावयाची, कारण पुण्यास ती दाखविल्याखेरीज सायकल मिळणार नाहीं.

पावती हातांत पडल्यावर मुलगा खिडकींतून हळूच विचारतो, “काका, ह्याच गाडीनें जाईल ना?”

“जागा राहिली तर जाईल,” खिडकीआडून उत्तर येतें. “नाहीं तर मागच्या गाडीनें येईल. काळजी करूं नकोस.”

हें उत्तर देणारा माणूस उद्धट नसतो, आणि खोटेंहि बोलत नसतो. त्याला खरोखरच ठाऊक नसतें. प्रवासी गाडीचा मालडबा बहुधा तिच्या दोन्ही टोकांना, गार्डच्या कक्षाला लागून असतो. या गार्डाला २०२२ सालापासून ‘ट्रेन मॅनेजर’ असें नांव मिळालें आहे. पण नांव बदललें म्हणून डब्याची लांबी वाढलेली नाहीं. त्या मालडब्यांतील कप्पे अनेक गाड्यांवर ठराविक मुदतीच्या ठेक्यानें व्यापाऱ्यांना दिलेले असतात. उरलेल्या जागेंत कापडाचे गठ्ठे, औषधांचीं खोकीं, मासळीच्या पेट्या, मोसमांत आंब्याच्या करंड्या, हें सारें दाटीवाटीनें भरलेलें असतें. गाडी मागच्या एखाद्या स्टेशनाहून भरून येत असली, तर दार उघडीपर्यंत आंत किती जागा आहे हें कोणीच सांगूं शकत नाहीं. अशा वेळीं नाशिवंत माल आधीं चढतो आणि सायकल मागें राहते. तिला नासावयाचें नसतें, हाच तिचा अपराध.

उतरवून घेण्याचें प्रकरण याहून नाजूक. प्रवाशाला उतरावयाचें असतें एखाद्या लहान स्टेशनावर, जेथें गाडी दोन मिनिटें थांबते. सायकल मालडब्याच्या तळाशीं, वीस गोण्यांच्या मागें. दोन मिनिटांत त्या गोण्या हलवून ती काढणें कोणाच्यानें होणार? म्हणूनच जेथें गाडी पुरेशी थांबत नाहीं, अशा स्टेशनासाठीं मालाची नोंदणी सहसा घेत नाहींत. कोंकणांत सायकलीनें हिंडूं इच्छिणाऱ्यांना हें चांगलें ठाऊक असतें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली आणि रत्नागिरी, मडगांव हीं ठिकाणें एका रात्रीच्या अंतरावर आलीं. परंतु सायकल न्यावयाची ती मोठ्या स्टेशनाच्या नांवानें, आणि पुढचें किंवा मागचें अंतर पायांनीं कापावयाचें, हा तेथील व्यवहार. त्यांत नुकसानभरपाईचा हिशेबहि लक्षांत ठेवावा लागतो. नोंदवितांना किंमत जाहीर करून तिच्यावरील जादा आकार भरला नसेल, तर सामान हरवल्यास रेल्वेची जबाबदारी किलोला १०० रुपयांपर्यंतच असते. म्हणजे १८ किलोंच्या सायकलीचे १,८०० रुपये. येथेंहि पुन्हां काटाच पुढें आला. सायकलीची किंमतसुद्धां तो वजनानेंच ठरवितो.

एवढ्या कटकटी असतांना, सायकल आणि आगगाडी यांची सांगड कोणाला घालतां आलीच नाहीं काय? आली आहे, आणि तिचें उत्तम उदाहरण मुंबईंतच आहे. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेली डबेवाल्यांची परंपरा पाहावी. डबेवाला उपनगरांतील घरोघरचे डबे सायकलीवर लादून स्टेशनाशीं येतो. तेथें सायकल थांबते. डबे तेवढे लोकलच्या सामानाच्या डब्यांतून शहराकडे जातात, आणि तिकडच्या स्टेशनावर दुसरी सायकल, हातगाडी किंवा दुसऱ्या माणसाचा खांदा त्यांची वाट पाहत असतो. सायकलीला आगगाडींत चढविण्याचा अट्टाहासच त्यांनीं केला नाहीं. दोन्ही टोकांना एकेक वाहन ठेवलें आणि प्रश्न मिटविला.

सायकलींचा देश म्हणून गाजलेल्या हॉलंडनेंहि शेवटीं हाच मार्ग धरला. तेथें सकाळसंध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं सायकल गाडींत नेण्यास मनाई आहे. इतर वेळीं वेगळें तिकीट काढून ती नेतां येते. परंतु बहुतेक लोक ती नेतच नाहींत. ते एक सायकल स्टेशनावर ठेवतात आणि उतरल्यावर दुसरी भाड्यानें घेतात. स्टेशनावर अशा भाड्याच्या सायकली देणारी ‘ओव्ही-फिट्स’ ही योजना २००३ सालापासून चालू आहे, आणि उट्रेख्ट येथील स्टेशनाखालचें सायकलींचें तळघर २०१९ सालीं पूर्ण झालें, तेव्हां त्यांत १२,५०० सायकलींची सोय झाली.

मात्र हा उपाय रोजच्या प्रवाशाचा आहे. ज्याला गांवच बदलावयाचें आहे त्या विद्यार्थ्याला, किंवा जो परप्रांतांत महिनाभर सायकलीवर हिंडणार आहे त्या प्रवाशाला, दुसऱ्या टोकाची सायकल काय कामाची? त्याला स्वतःचीच हवी असते. जपानी लोकांनीं यावर आपल्या स्वभावास साजेसा तोडगा काढला. चाकें काढून सायकल एका पिशवींत पूर्णपणें झांकून घ्यावी आणि हातसामान म्हणून बरोबर न्यावी. लांबी, रुंदी, उंची मिळून २५० सेंटिमीटर आणि वजन ३० किलो यांपलीकडे तें जाऊं नये. या रीतीला ते ‘रिंको’ म्हणतात. आकाराचा तंटा आकार मोडूनच संपविण्याचा हा प्रकार. त्याला कौशल्य लागतें आणि हलकी सायकलहि लागते. भारतांतील दणकट लोखंडी सायकल खांद्यावर टाकून जिना चढणें हें येरागबाळ्याचें काम नाहीं.

युरोपांतील इतर देशांचा इतिहास भारताला अधिक बोधप्रद आहे. ब्रिटनमध्यें पूर्वीं गाड्यांना गार्डचा प्रशस्त डबा असे. प्रवासी सायकल ढकलत तेथवर नेई, आणि गार्ड ती आंत टेकवून ठेवी. पुढें नव्या घडणीच्या गाड्या आल्या. त्यांत प्रत्येक हात लांबीवर आसन बसविण्याचा हिशेब मांडला गेला आणि गार्डचा डबा नाहींसा झाला. २०१७ सालापासून तेथें धांवूं लागलेल्या नव्या जलद गाड्यांत सायकल एका अरुंद कपाटांत, पुढचें चाक आंकड्याला अडकवून, उभी टांगावी लागते. जाड टायरची किंवा रुंद हँडलची सायकल तेथें महत्प्रयासानें बसते; वृद्ध माणसाच्यानें ती उचलवतहि नाहीं. शिवाय तें कपाट गाडीच्या कोणत्या टोकाला येणार, हें आधीं कळलें नाहीं तर फलाटावर धांवाधांव ठरलेली.

जर्मनीची कथा थोडी निराळी. तेथील आयसीई ही जलद गाडी १९९१ सालीं सुरू झाली, पण तिच्यांत सायकलीला मज्जाव होता. पुढें याच जातीची चौथी घडण काढली तेव्हां तींत सायकलींसाठीं आठ जागा ठेवल्या, आणि डिसेंबर २०१७ मध्यें त्या गाड्या नियमितपणें धांवूं लागल्या. आठ म्हणजे कांहीं फार नव्हेत. उन्हाळ्याच्या सुटींत त्या भराभर भरून जातात. परंतु त्यांत एक मोठा गुण आहे. त्या जागांना आसनासारखाच क्रमांक असतो आणि तो आधीं राखून ठेवतां येतो. जागा मिळाली तर ती आपली. न मिळाली तर तसें घरीं बसूनच समजतें, आणि माणूस दुसऱ्या दिवसाचा विचार करतो. पुढें युरोपीय संघानें २०२१ सालीं रेल्वेप्रवाशांच्या हक्कांचा नवा कायदा केला. त्यान्वयें ७ जून २०२५ पासून नव्यानें घेतल्या जाणाऱ्या किंवा मोठी डागडुजी होणाऱ्या गाड्यांत सामान्यतः निदान चार सायकलींची जागा ठेवणें आवश्यक झालें आहे.

या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रवाशाला जाच होतो तो भाड्याचा नव्हे. वाजवी भाडें तो आनंदानें भरतो. बांधणी, चिठ्ठी, पावती, रांग, हेंहि तो सोसतो. त्याला बोचतें तें ‘जागा राहिली तर’ हें अर्धें वाक्य. माणसाला निश्चित क्रमांक आणि त्याच्या वाहनाला नुसता भरंवसा, ही विषम वांटणी त्याला सलते. जागा थोडी असावी, पण ठरलेली असावी. एवढेंच त्याचें मागणें आहे.

भारतांत हें मागणें करण्याची हीच वेळ आहे. कारण ब्रिटनांत जें घडलें त्याची सुरुवात येथेंहि झाली आहे. १५ फेब्रुवारी २०१९ रोजीं दिल्ली-वाराणसी मार्गावर पहिली वंदे भारत गाडी सुरू झाली. तिचा वेग, तिची स्वच्छता यांचें कौतुक झालें आणि तें योग्यच झालें. परंतु तिला जुन्या पद्धतीचा मालडबा नाहीं. अशा गाड्या वाढत जातील तसतशी सायकलीची जागा, कोणीं बंदी न घालतांहि, आपोआप नाहींशी होत जाईल. डबा एकदां बांधून झाल्यावर त्यांत जागा काढणें कठीण. आराखडा कागदावर आहे तोंच चार आंकडे मागून घेणें सोपें. उलट दिशेचींहि चिन्हें आहेत. कोची मेट्रोनें २०२० सालीं आणि मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोनें २०२१ सालीं प्रवाशांना सायकल बरोबर घेण्याची परवानगी दिली. शहरांतल्या गर्दीच्या गाडीला जें जमलें, तें रात्रभर धांवणाऱ्या लांबच्या गाडीला अशक्य मानण्याचें कारण नाहीं. मालडब्याच्या एका भिंतीला पांच-सहा आंकडे, प्रत्येकाला क्रमांक, आणि त्या क्रमांकाचें तिकीट माणसाच्या तिकिटाबरोबरच काढण्याची सोय. यास फार मोठा खर्च लागेल असें वाटत नाहीं.

आणि तो विद्यार्थी? तो पुण्यास ठरल्या वेळीं पोंचला. सायकल त्या गाडींत नव्हती. पहिल्या दिवशीं महाविद्यालयांत नांव दाखल करून तो बसनें स्टेशनावर गेला, आली नव्हती. दुसऱ्या दिवशीं व्याख्यान बुडवून गेला, आली नव्हती. तिसऱ्या दिवशीं पार्सल ऑफिसच्या दारांत, एका कपाटाच्या आणि दोन कुलरांच्या मध्यें, ओळखीचें गोणपाट दिसलें. त्यानें पावती दिली, वहींत सही केली, सुतळी कापली, हँडल सरळ केलें. चाकांत हवा कमी होती आणि मागच्या मडगार्डाला पोंचा आला होता. स्टेशनासमोरच्या दुकानांत हवा भरून तो निघाला, तेव्हां त्याच्या खिशांत परतीच्या बसभाड्याचे पैसे शिल्लक होते. नागपुरास आईला त्यानें फोनवर एवढेंच सांगितलें, “मिळाली सायकल.” तीन दिवस त्या घरांत जेवतांना दुसऱ्या कशाचा विषय निघाला नव्हता. घरोघरच्या अशा मुलांना हे तीन दिवस काढावे लागूं नयेत, इतकी सोय रेल्वेच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यांत सहज व्हावी.